अभिजित बाई होती

आमचे शेजारी वाबळे सर नव्या माणसाला त्याचं गाव विचारत नाहीत, नोकरी विचारत नाहीत. नाव विचारतात. ते एखाद्या ताऱ्याचं किंवा नक्षत्राचं निघालं, तर पाच मिनिटांत समोरच्याचा चेहरा पडलेला असतो.

पारनेरच्या एका बँकेत रोहिणी नावाच्या मॅडम बदलून आल्या. पहिल्याच आठवड्यात सर रांगेत माझ्या पुढे होते. त्यांनी पासबुक सरकवलं, टेबलावरची पाटी वाचली आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "तुमच्यापायी चंद्राला क्षय झाला."

मॅडमच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

"दक्षानं सत्तावीस मुली चंद्राला दिल्या," सर म्हणाले, "आणि हा गडी एकट्या रोहिणीच्या घरी मुक्कामाला. बाकीच्या रडत बापाकडं गेल्या. बापानं शाप दिला, तुला क्षय होईल. तवापासून पंधरा दिवस झिजतो, पंधरा दिवस भरतो. नाव ठेवताना घरच्यांनी चौकशी केली न्हाई का?"

"एन्ट्री करून देऊ ना?" मॅडम म्हणाल्या.

"करा की. तुमचा काय दोष त्यात."

'चौकशी केली न्हाई का' हे सरांचं पालुपद. ते कोणाला दुखवायला बोलत नाहीत, हे कळायला लोकांना वेळ लागतो. काहींना तो मिळत नाही. दाताच्या डॉक्टर अश्विनी यांना सरांनी दाढ काढून झाल्यावर, गालात कापूस असताना सांगितलं की त्यांचं नाव घोडीचं आहे. सूर्याचं तेज सोसेना म्हणून त्याची बायको घोडी होऊन रानात निघून गेली, सूर्य घोडा होऊन तिच्या मागे गेला, आणि दोघांना अश्विनीकुमार झाले. "देवांचे वैद्य," सर कापसाआडून म्हणाले. "म्हंजे धंदा बरोबर निवडला तुमी." डॉक्टरांनी तासभर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद देऊन त्यांना घरी पाठवलं. ही ताकीद वैद्यकीय होती का, याची खात्री करता आली नाही.

आमच्याच गल्लीत एका नातीचं नाव रेवती ठेवलं. बारशाच्या घुगऱ्या खाता खाता सरांनी आजोबांना सांगितलं, "एका ऋषीचा मुलगा वाया गेला. रेवती नक्षत्राच्या शेवटी जन्मला म्हणून बिघडला, असं ऋषीला कोणीतरी सांगितलं. त्यानं शाप देऊन रेवतीला आकाशातून खाली पाडली." आजोबांना ठसका लागला. सरांनी त्यांच्या पाठीवर थोपटत गोष्ट पुरी केली. "मुलगा ऋषीचा. वळण ऋषीनं लावायचं. आणि पडली कोण?"

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर पारनेरमध्ये घर बांधलं. पत्नी वारल्या, मुलगा पुण्यात. थोरले भाऊ रंगनाथ, म्हणजे दादा, गावाकडच्या वस्तीवर शेती बघतात. सरांचा आवाज भरदार आहे आणि मानधन ते घेत नाहीत. त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत माईक त्यांच्याच हातात असतो.

लग्नातला माईक हे आमच्याकडे जबाबदारीचं काम आहे. पत्रिकेवर दुपारी बारा पस्तीस छापलेलं असतं. लग्न लागतं पुढारी आल्यावर. मधला वेळ माईकवाल्याने भरून काढायचा. इतर माईकवाले तो पाहुण्यांची नावं आणि पदं वाचून भरतात. पतसंस्थेचे चेअरमन, कारखान्याचे संचालक, संचालकांचे मेहुणे. सर प्रत्येक पुढाऱ्याला एकच वाक्य देतात आणि उरलेल्या वेळात आकाश सांगतात. एका माजी सभापतींनी तक्रार केली की माझ्यापेक्षा जास्त वेळ कृत्तिकांना दिला. सर म्हणाले, "त्या सहा जणी हायेत."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला दोन-तीन वर्षं लागली. आमच्या भागात अभिजित नावाचे तरुण पुष्कळ. जिममध्ये एक, तहसील कचेरीत एक, मेडिकलच्या दुकानात एक. अभिजित हा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक. तरी सरांनी यांच्यापैकी एकालाही गोष्ट सांगितली नाही. नाव ऐकायचे, मान हलवायचे, म्हणायचे, "चांगलंय. सांभाळा." आणि चालू लागायचे. मी एकदा विचारलं. "ती मला नीट ठाऊक न्हाई," असं म्हणून ते घरात गेले. एखादी गोष्ट ठाऊक नाही असं सर म्हणाल्याचं मी ऐकलं ते तेवढंच.

तुळशीची लग्नं झाली आणि दादांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. नाव अभिजित. मुलगी श्रीगोंद्याकडची. माईक अर्थातच सरांकडे.

लग्नाच्या दिवशी बारा वाजून गेले. नवरदेव पारण्याच्या, म्हणजे वरातीच्या घोड्यावरून उतरून, फेटा सावरत व्यासपीठावर बसला होता. भटजी तयार होते. मामा मुलीला आणायला निघाले होते. तेवढ्यात निरोप आला की कारखान्याचे एक माजी संचालक सुप्याच्या फाट्यावर आहेत, वीस मिनिटं लागतील. दादांनी खालूनच हाताने खूण केली, ओढा. म्हणजे वेळ भरून काढा.

सरांनी माईक जवळ घेतला. माईकवर ते शाळेतलं मराठी बोलतात.

"आपल्या नवरदेवाचं नाव अभिजित," ते म्हणाले. "अभिजित म्हणजे विजयी."

टाळ्या झाल्या. नवरदेवाच्या कंपनीतल्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या.

"अभिजित बाई होती."

शिट्ट्या थांबल्या. मग मित्रांमध्ये जो हशा उसळला तो आवरायला बराच वेळ लागला. नवरदेव फेट्याइतका लाल झाला. मुलीकडच्या बाजूला एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?" शेजारी म्हणाला, "ऐकू नका."

"रोहिणीची धाकटी बहीण," सर म्हणाले. "व्यासांनी महाभारतात लिहून ठेवलंय. तिला वाटलं, मलाही थोरलीइतका मान हवा. तो काही मिळाला नाही. ती तप करायला रानात निघून गेली. आकाशातली तिची जागा मोकळी पडली. देवांचा राजा घाबरला, आता मोजायचं कसं? मग तिच्याशिवायच मोजणी भागवली. नक्षत्रं अठ्ठावीस होती, सत्तावीस राहिली. आज पंचांगात सत्तावीसच चालतात. कोणी विचारत नाही, ती कुठं गेली."

मंडपात आता पंख्यांचा आवाज होता. दादा पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले होते.

"आणि ऐन दुपारच्या मुहूर्ताला आपण काय म्हणतो? अभिजित मुहूर्त. काहीही न बघता चालतो. मोजणीतून तिला काढली, आणि लग्नं लावायची तिच्या भरवशावर."

"नाना, बास," दादा खालून म्हणाले. घरचे सरांना नाना म्हणतात.

"या मुलाचं नाव बारशाला त्याच्या आत्यानं कानात सांगितलं," सर म्हणाले. माईकवरचं मराठी इथे सुटलं. "ती आत्या या मंडपात न्हाई. पत्रिकेत न्हाई. कुणाला वाटंल, तिनं जमीन मागितली. तिनं जमीन मागितली न्हाई."

आमच्याकडे वडील वारले की बहिणी नोंदणी कचेरीत जाऊन हक्क सोडल्याची सही करतात. त्यावर माहेर टिकतं. सही करणाऱ्या बहिणीला दिवाळीची साडी, भाचरांच्या लग्नात मान. न करणाऱ्या बहिणीचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि मंडपात कोणी बोलत नाही. त्या दिवशी ते बोललं जात होतं, आठ कर्ण्यांमधून.

"ती म्हनली, जमीन तुमीच कसा, पीक तुमीच घ्या. फकस्त सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बापाच्या, आण्णांच्या, खाली माझं नाव ऱ्हाऊ द्या. एवढंच. तर आपण तिलाच काढली. दादा बोलला आणि मी गप बसलो. मी मास्तर मानूस. मी गप बसलो. आज—"

इथे आवाज गेला. दादांनी साउंडवाल्याच्या पेटीतून वायर उपटली होती. ती त्यांच्या हातात लोंबत होती.

सर बोलतच होते. तोंड हलत होतं, माईक हातात होता, हावभाव चालू होते. मी चौथ्या रांगेत होतो. एक शब्द ऐकू आला नाही.

वाढपी बुंदीची परात घेऊन दारात थांबले होते. मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला होता. माझ्या शेजारच्या म्हातारबाईंनी फक्त एवढंच नोंदवलं, "बरं झालं, जेवायच्या आधी बोलला. पंगतीत बोलला असता तर घास गेला नसता."

परिस्थिती भटजींनी सावरली. काही न विचारता त्यांनी अंतरपाट धरायला लावला आणि बिनमाईकची मंगलाष्टकं सुरू केली. आजूबाजूच्या बायकांनी सूर धरला. अक्षता पडल्या. माजी संचालक आले तेव्हा लग्न लागून गेलं होतं आणि पहिली पंगत बसली होती. त्यांना काय झालं ते कोणी सांगेना. पुढारी यायच्या आधी लग्न लागलं, हा तालुक्याला बसलेला दुसरा धक्का. बाजारात पुढचे काही दिवस लोक याच धक्क्याबद्दल बोलत होते. पहिल्याबद्दल बोलायला अवघड पडत असावं.

दुपारभर सरांशी कोणी बोललं नाही. ते मंडपाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते. जेवले नव्हते. उन्हं कलल्यावर मी निघालो, तर गाडीजवळ येऊन उभे राहिले. हातात स्टीलचा डबा होता.

"टाकळीकडं सोडतो का? वस्तीवर. माझ्या बहिणीकडं, सुमनकडं."

"डबा कोणी दिला?"

"नवरदेवानं. सोता भरला. बोलला काई न्हाई."

मोटारसायकलवर मागे बसलेले सर सगळा रस्ता गप्प होते. त्यांना ओळखणाऱ्याला हे काळजीचं वाटलं असतं. वस्तीच्या वळणावर मात्र म्हणाले, "तिला ती गोष्ट पहिल्यापासनं ठाऊक हुती."

"कोणती?"

"अभिजितची. आण्णा वारल्यावर, भांडान झाल्यावर, मी शाळेतल्या लायब्ररीत बसायचो. घरी जाऊ वाटायचं न्हाई. तिथं महाभारताचे खंड हुते. वाचता वाचता ती गोष्ट आली. धाकटी बहीण. मान पाहिजे हुता. काढून टाकली. माझ्या अंगावर काटा आला. सुमननंच ठेवलेलं नाव. माझ्या डीएडच्या पायी तिची शाळा सातवीला सुटली. अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. तिनं काय बोलायचं ते पोराच्या नावात बोलून ठेवलं, आणि मला, शिकलेल्याला, कळलं न्हाई. तवापासनं ज्याचं नाव दिसंल त्याची चौकशी करतो."

सुमनताईंचं घर दोन खोल्यांचं. बाजूला गोठा. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत.

"ये नाना," त्या म्हणाल्या. "आज लई गाजवलंस म्हनं."

"तुला कोण बोललं?"

"कोण कशाला बोलतंय? फोटूवाल्यानं लाईव्ह लावलं हुतं की. शेजारच्या सुनंच्या मोबाईलवर समदं बघितलं. पोरगी दिसायला चांगली हाय. उंची जरा कमी." मग माझ्याकडे वळून, "हे कोण?"

"पत्रकार हायेत. शेजारी."

"मंग च्या ठेवते. न्हाईतर छापतील, च्या पन न्हाई इचारला."

त्या आत गेल्या, आल्या. सरांनी डबा ओट्यावर ठेवला. चहाचा कप हातात घेऊन तसाच धरला आणि विचारलं, "सुमन, एक खरं सांग. अभिजित नाव का ठेवलंस?"

"का म्हंजे?"

सरांनी गोष्ट सांगितली. रोहिणी, धाकटी बहीण, रान, मोकळी जागा. मी त्यांना गोष्ट सांगताना कैकदा ऐकलं होतं; इतकी अडखळत कधीच नाही. वायव्येला गोठ्याच्या पत्र्यावर तो तारा दिसायला लागला होता. त्यांनी बोट दाखवलं.

"ही व्हय अभिजित?" सुमनताई म्हणाल्या. "ही तर दिवाळीपासनं रोज दिसती धारंच्या टायमाला. मला वाटायचं शिर्डीचं इमान. म्हनायचे, हे हालत कसं न्हाई."

"म्हंजे तुला गोष्ट ठाऊक न्हवती?"

"मला कोण सांगनार? बारशाला येताना आमच्या एसटीफुडं टेम्पो हुता. कांद्याचा. त्याच्या मागं लिवलं हुतं, अभिजित. झोकदार अक्षर हुतं. घरी येते तर तुमचं भांडान चाललेलं. दादा म्हनायचा विजय, तू म्हनायचा अजय. मी म्हनलं, मरू द्या दोघंबी, आन् पोराच्या कानात टेम्पोवरलं सांगितलं."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मंडपातल्या पाचशे माणसांचे चेहरे मी दुपारी पाहिले होते. त्या सगळ्यांपेक्षा हा एक चेहरा जास्त हादरलेला होता. बँकेतल्या मॅडम, डॉक्टर, रेवतीचे आजोबा, सगळा तालुका या माणसाने ज्या एका कारणासाठी वेठीला धरला होता, ते कारण कांद्याच्या टेम्पोच्या मागच्या फळीवर रंगवलेलं होतं.

"मंग तुला राग न्हवता?" ते म्हणाले.

"राग न्हवता कसा? हुता. हायच. शाळा सोडवली तवापासनं हाय. कचेरीत दादा बोलत हुता आन् तू बुटाकडं बघत बसला हुतास, तवापासनं तर लईच हाय." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "पर बारा दिवसांच्या पोराच्या कानात ते कशाला सांगू? त्यानं माझं काय केलं हुतं?"

सरांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

"ते ऱ्हाऊ दे," सुमनताई म्हणाल्या. "दादानं वायर उपटली. आवाज गेला. तरी तुझं तोंड हालत हुतं. त्या सुनंला म्हनलं आवाज वाढव, ती म्हनली वाढतच न्हाई. काय बोलत हुतास?"

"काई न्हाई. जेवून जावा, म्हनून सांगत हुतो."

"खोटं."

सर गोठ्याकडे बघायला लागले.

"नाना, मी सातवी शिकले, पर तुझं खोटं मला बालवाडीपासनं कळतंय. काय बोललास?"

"तुला हाक मारत हुतो," सर म्हणाले.

सुमनताईंचे हात सुपात थांबले. गोठ्यातली गाय एकदा हंबरली. त्या म्हणाल्या, "मंग मार की आता. हितं वायर न्हाई."

सरांनी तोंड उघडलं. निम्म्या तालुक्यातल्या लग्नांत हजार माणसांना माईकवरून शांत बसवणारा हा आवाज. तो निघेना. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. मग उभे राहिले, सदरा खाली ओढला, आणि समोर मंडप भरलेला असावा तशी मान वर करून, शाळेतल्या मराठीत म्हणाले, "नवरदेवाच्या आत्या सौभाग्यवती सुमनताई यांनी, नवी सून घरात यायच्या आत, घरी यावं, अशी त्यांना विनंती आहे." शेवटचे दोन शब्द फक्त मला आणि सुमनताईंना ऐकू गेले असतील.

"दादाची हाय का ही इनंती?" सुमनताईंनी विचारलं.

"न्हाई. माझी."

"दादा दारातनं परत लावील."

"लावू दे. दोघंबी परत येऊ."

त्या उठल्या. लुगड्याला लागलेली टरफलं झटकली. डबा उघडून बुंदी पाहिली, एक कळी तोंडात टाकली आणि डबा सरांच्या हातात दिला. "धर. मी हिरवी साडी नेसून येते. आसं शेंगाच्या मातीत न्हाई यायची मी." आत गेल्या. आतून म्हणाल्या, "नाना, गायीला पेंड टाक तवर."

सरांनी पेंड टाकली. शेजारच्या सुनेला गोठ्याकडे लक्ष द्यायला सांगून झालं. सुमनताई कपाळावर मोठं कुंकू लावून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या, मोटारसायकलकडे आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "मधी मी न्हाई बसनार. मधी नाना बसंल."

मोटारसायकलवर तिघांनी बसणं हा कायद्याने गुन्हा आहे. त्या संध्याकाळी टाकळीच्या रस्त्यावर तो घडला.